ऊद, अळ्या आणि एक प्रश्न

अबुबकर यांचे चिरंजीव फकरोद्दीन, फकरोद्दीन यांचे चिरंजीव सोहेब, आणि सोहेबची थोरली कन्या अंबरीन. अबुबकर घड्याळे दुरुस्त करीत. निजामाच्या अमलात कचेरीतले घड्याळ बंद पडले की त्यांनाच बोलावणे येई. फकरोद्दीन यांनी रेडिओ उघडून पाहायला सुरुवात केली आणि पुढे गावातला पहिला टीव्ही आणला. सोहेब विहिरीवरच्या मोटारींचे वाइंडिंग करतो. तिन्ही पिढ्यांनी मुकी यंत्रे बोलती-चालती केली. अंबरीनने मात्र माणसांना बोलते करण्याचा धंदा पत्करला, आणि तो या सर्वांहून अवघड आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते.

आमचे गाव आष्टीला लागूनच. इथली ही मुलगी पदवी घेऊन दूरदर्शनमध्ये लागली, तेव्हा सोहेबने पेढे वाटले. तिचे काम काय, हे मात्र त्याला नीट सांगता येईना. पडद्यावर बोलणाऱ्या माणसाचे नाव खाली उमटते ना, ते टंकण्याचे काम तिच्याकडे होते. वर्षभराने तिला एका नव्या कार्यक्रमावर घेतले. कार्यक्रमाचे नाव ‘विचारा तर खरं’. गावोगाव जायचे, शेतकरी बायांना एकत्र बसवायचे, त्यांनी आपली अडचण विचारायची आणि सोबत नेलेल्या तज्ज्ञाने तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. प्रश्न आधी लिहून द्यायचे नाहीत, पढवायचे नाहीत, हा त्यांचा कडक नियम. एखाद्या गावाला प्रश्नच नसतील, तर गाडी पुढच्या गावाला.

असा एक भाग संपूर्ण अंबरीनवर सोपवला गेला, आणि तिने आपलेच गाव निवडले. “माझ्या गावच्या बाया बोलतात,” असे तिने कार्यालयात छातीठोकपणे सांगितले होते. भाग उभा राहिला तर पुढचे भागही तिचे. नाही राहिला, तर पुन्हा पडद्याखाली नावे टंकायची.

चित्रीकरणाच्या आधी ती मला भेटायला आली.

“चतुराआजी, रेशीमवाल्या बायांवर भाग करून राह्यलो आम्ही. बदनापूरकडचे तज्ज्ञ येतेत, धर्मराज सर म्हणून. तुम्ही फक्त एवढं बघा, बायांना मोकळेपणानं बोलू द्या.”

“गावाची शोभा राखली जाईल,” मी म्हणाले.

बिचारी. तिने तो होकार समजला.

आमच्याकडची रीत बाहेरच्या माणसाला समजायला जड जाते. पाहुण्याने “कसं काय?” विचारले की “बरं आहे” म्हणायचे. छपराचे पत्रे उडून शेजारच्या शेतात पडलेले असले तरी बरेच आहे. पाहुणा गेला की मग पत्रे आणायला जायचे. घरातली उणी बाजू परक्यापुढे काढणे म्हणजे भरल्या पंक्तीत रिकामे पातेले वाजवणे. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवले आणि मी गावाला.

म्हणून मी बायांना समाजमंदिरात बोलावले आणि उभे राहूनच सांगितले, “गाव टीव्हीवर जाणार आहे. सगळ्यांनी चांगली लुगडी नेसायची. केसांत फूल, नाकात नथ. आणि कुणीही घरातले रडगाणे गायचे नाही.”

शिवकन्या आमच्या गल्लीतलीच. जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “पण काकी, त्यांनी इचारलं की अडचण काय, तर?”

“तर म्हणायचे, सगळे बराबर आहे.”

“मंग ते कामून येऊन राह्यलेत?”

“गाव बघायला.”

बाया पदर सावरत उठल्या. माझ्यापुढे सहसा कुणी बोलत नाही.

आता त्या दिवसांत गावात खरोखर काय चालले होते, ते सांगायला हवे. आमच्यासह पाच घरांनी तुती लावली आहे. शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळायच्या, त्यांना पाला घालायचा, त्यांनी कोष विणले की जालन्याच्या बाजारात न्यायचे. आमचे शेड माझी सून आकांक्षा सांभाळते, आणि चांगले सांभाळते. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही. महालक्ष्म्यांच्या सणाला अळ्या शेवटच्या वाढीत होत्या. रात्रंदिवस पाला खात. कान दिला तर पत्र्यावर भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येई. घरात पैसा आणणारा जीव, म्हणजे लक्ष्मीच. तेव्हा शेडमध्ये ऊद फिरवायचा असे मी ठरवले.

“आई, धूर नको वाटतो मला तिथं,” आकांक्षा हळूच म्हणाली.

“का नको?”

तिला कारण सांगता येईना. ज्याला कारण नाही ते बोलणे मी ऐकत नाही. निखाऱ्यांवर मूठभर ऊद टाकून मी स्वतः अळ्यांच्या सगळ्या मांडण्यांभोवती फेरे घातले, आणि बाकीच्या चार घरांनाही तसेच करायला सांगितले. माझा शब्द मोडण्याची पद्धत गावात नसल्याने चारही घरांनी केले.

दुसऱ्या दिवशी अळ्यांनी पाला सोडला. माना वर करून नुसत्या बसल्या. काहींनी हिरवे पाणी ओकले, काही मेल्या. आकांक्षाला पाल्याचा संशय, माझा मुलगा भुजंग याला विकत आणलेल्या अंडीपुंजांचा, मला दृष्टीचा. आम्ही शेडचे पडदे खाली सोडले आणि गप्प बसलो. शिवकन्येच्या शेडचेही पडदे खाली होते. “माहेरची माणसं आल्यात, सवड न्हाई,” असे ती सांगे. सुरेखाच्या शेडला कुलूप, आणि किल्ली म्हणे हरवलेली. एकूण पाच घरांत एकच दुःख, आणि पाचही घरे एकमेकांना सांगत होती, सगळे बराबर आहे.

आणि नेमकी त्याच वेळी दूरदर्शनची गाडी आली.

समाजमंदिराला आदल्याच दिवशी चुना मारून घेतला होता. कॅमेरावाला प्रितम भिंतीला टेकला आणि उठला तेव्हा त्याच्या काळ्या शर्टावर पांढरा महाराष्ट्र उमटला होता. आत सगळ्या बाया पैठण्या नेसून, नथी घालून, हात मांडीवर ठेवून बसलेल्या. अंबरीन दारातच थबकली.

“आजी, लग्न आहे का कुणाचं?”

“गावाची शोभा,” मी म्हणाले.

मागच्या बाजूला खुर्चीवर तिची दादी बसली होती. फकरोद्दीन यांची पत्नी कमरुन्निसा. फकरोद्दीन आज नाहीत. ही आहे, आणि पुरती आहे. मांडीवर पानदान, डोळ्यांत मिस्कील चमक.

“काय जी पाटलीणबाई, समद्या गावाला नवरी केलं तुम्ही!” ती म्हणाली. माझे यजमान पोलीस पाटील होते. तेव्हापासून ती मला हीच हाक मारते.

काम सुरू झाले. धर्मराज सर टेबलामागे बसले. अंबरीनने गोड शब्दांत कार्यक्रम समजावून सांगितला आणि माईक शिवकन्येपुढे धरला.

“ताई, रेशीम शेतीत काही अडचण?”

शिवकन्येने आधी माझ्याकडे पाहिले, मग कॅमेऱ्याकडे. “समदं बराबर हाय.”

“काहीच विचारायचं नाही?”

“न्हाई. लई मजेत हायत अळ्या.”

माईक सुरेखाकडे गेला. “आमच्याबी मजेत हायत.”

“तुमच्या शेडला कुलूप दिसलं, मावशी.”

“ते… झोपल्यात त्या.”

धर्मराज सरांनी डोके वर केले. “झोपल्यात? कुलूप लावून?”

“दूधवाला उठवितो ना,” सुरेखा म्हणाली, आणि आपल्याच उत्तराने घाबरून तिने तोंडाला पदर लावला.

पुढे हाच पाठ. एकीचे उत्तर दुसरीने उचलावे आणि तिसरीने त्यावर मान डोलवावी. प्रितम कॅमेऱ्यामागून म्हणाला, “मॅडम, हे गाव थेट स्वर्गात आहे. इथं आपलं काय काम?” मागून कमरुन्निसाचा आवाज आला, “हौ, बिलकुल जन्नत. मेल्याबिगर दिसत न्हाई म्हणतेत, आपल्याला जिंदा दिसली.”

बाया खुदखुदल्या. मी नजर वळवली, तशा थांबल्या.

अंबरीनचा फोन वाजला. ती बाहेर जाऊन बोलून आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे हसू कामापुरते उरले होते. माझ्याजवळ येऊन तिने खालच्या आवाजात सांगितले, “आजी, ऑफिसातून पुढच्या गावाला निघा म्हणतेत. जाऊ द्या. तुमचा दोष न्हाई. मीच मोठ्या तोंडानं सांगितल्तं, माझ्या गावच्या बाया बोलतात म्हणून.”

तिने तक्रार केली असती तर मी तिला चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. तिने तक्रार केली नाही. ती खाली बसली आणि माईकची वायर हातावर गुंडाळू लागली.

मी कमरुन्निसाकडे पाहिले. तिने हाक मारली नाही, खूण केली नाही. पानाला चुना लावत ती माझ्याकडे बघत होती, एवढेच. परंतु ते बघणे मी चाळीस वर्षांपासून ओळखते.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा टीव्ही एकट्या फकरोद्दीन यांच्या घरी होता. उंच बांबूवर अँटेना, एक जण ती फिरवी आणि बाकीचे ओरडत, “आलं, आलं, गेलं!” संध्याकाळी ते टीव्ही ओट्यावर आणून ठेवीत. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बाया. शेतीचा कार्यक्रम, आरोग्याचा कार्यक्रम, बातम्या. मुंग्यांच्या वारुळातून माणसे बोलत आहेत असे ते चित्र. पण अंगठाबहाद्दर बायाही त्यावरून शिकल्या. आरोग्याच्या कार्यक्रमाला दवाखान्याच्या नर्सबाई येऊन बसत आणि तो संपला की बायांना म्हणत, “विचारा काय विचारायचं ते.” तेव्हाही कुणी विचारत नसे.

भुजंग तेव्हा पाळण्यात होता. त्याला जुलाब लागले. सासूबाईंचा हुकूम होता की जुलाब लागलेल्या लेकराला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. लेकरू सुकत चालले. त्या संध्याकाळी टीव्हीवर डॉक्टरीणबाई साखर-मिठाच्या पाण्याबद्दल काही सांगत होत्या, आणि नेमके चित्र गेले. पुढे काय म्हणाल्या ते कळेना. नर्सबाई समोर बसल्या होत्या. मी तोंड उघडले आणि मिटले. पाटलाची सून, सासू शेजारी, आणि चारचौघींत म्हणायचे की आमच्या घरात लेकरू कोमेजून चालले आहे आणि काय करावे ते आम्हाला कळत नाही?

तेव्हा कमरुन्निसा उभी राहिली. “बाई, माझ्या लेकराला जुलाब होऊन राह्यलेत. पाणी देऊ का नक्को?”

तिचे लेकरू, म्हणजे सोहेब, समोरच गुळाचा खडा चोखत ठणठणीत बसले होते. बाया खो खो हसल्या. नर्सबाईंनी तिला फैलावर घेतले, “शहाणी ना तू? घरात टीव्ही आहे आणि लेकराला तहानलेलं ठेवतेस?” तिने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “साखर किती, मीठ किती, ते फिरून सांगा.” नर्सबाईंनी फिरून सांगितले. मी शेजारी बसून ऐकले. माझा भुजंग वाचला.

मी तिच्या घरी काय काय पाठवले नाही! गहू, तूर, लुगडे, म्हशीचे पहिले दूध. भांडे कधी रिकामे परत आले नाही. शेवया, खजूर, काहीतरी घालूनच यायचे. शेवटी मी तिला स्पष्टच विचारले की हे ऋण मी फेडायचे तरी कसे? ती म्हणाली, “जिन्नस नक्को, पाटलीणबाई. मी सवाल दिल्ता, सवालच घेईन. जल्दी न्हाई.” आणि हसली. आम्ही दोघींनी पुढे तो विषय कुणापुढे काढला नाही. पण ईद असो की दिवाळी, एकमेकींच्या घरी गेले की ती असेच माझ्याकडे बघे.

अंबरीनची वायर गुंडाळून होत आली होती.

“तो माईक इकडे आण,” मी म्हणाले.

“आजी?”

“आण म्हटले ना. आणि तो काळ्या शर्टाचा मुलगा कुठे चालला? त्याला कॅमेरा मांडायला सांग.”

प्रितमने मुकाट्याने कॅमेरा मांडला. अंबरीनने माईक धरला. मी पदर सारखा केला आणि उभी राहिले.

“माझे नाव चतुराबाई. या घडीला माझ्या शेडमधल्या अळ्यांनी पाला सोडला आहे. माना वर करून बसतात, हिरवे पाणी ओकतात, मरतात. असे का झाले, ते मला माहीत नाही. म्हणून विचारते.”

‘मला माहीत नाही’ हे शब्द या गावाने माझ्या तोंडून ऐकलेले नव्हते. दारात उभा असलेला भुजंग, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला माझा मुलगा, दचकून म्हणाला, “आई!”

“तू गप्प बस,” मी म्हणाले. “मी साहेबांशी बोलते आहे.”

धर्मराज सर एकदम ताठ बसले. त्यांनी एकामागून एक विचारले. पाल्यावर फवारणी? नाही. शेजारच्या कपाशीवर? नाही. शेडमध्ये तंबाखू, बिडी? माझ्या घरात? नाही. “मग धूर? वास? उदबत्ती, अत्तर, असलं काही?”

समाजमंदिरातली प्रत्येक मान माझ्याकडे वळली.

“ऊद घातला होता,” मी म्हणाले. “महालक्ष्म्यांना.”

“शेडमध्ये?”

“शेडमध्येच. लक्ष्मीला ऊद आवडतो.”

“लक्ष्मीला आवडत असेल, आजी, अळीला नाही आवडत!” धर्मराज सर उठूनच उभे राहिले. “अहो, अळीला नाक नसतं. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक छिद्रं असतात, त्यांतून ती श्वास घेते. तुम्ही तिला सगळ्या अंगानं धूर पाजलात! बोलण्यावरून शिकलेल्या दिसता तुम्ही. शेड घेतलं तेव्हा दारावर सूचनांचा कागद लावलेला असतो, तो वाचला का?”

“त्यावर मी कॅलेंडर लावले,” मी म्हणाले.

“कमाल आहे!” ते म्हणाले. “या वयाच्या माणसानं तरी असं करू नये!”

माझ्या लग्नानंतर मला चारचौघांत कुणी रागावले असेल तर ते सासरे, तेही एकदाच. मी मान खाली घातली आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतले. आकांक्षा पलीकडे बसली होती. तिने हसू दाबण्यासाठी ओठ इतके आवळले की नथ हलू लागली.

तेवढ्यात शिवकन्या ताडकन उठली. “सर, माझ्याबी अळ्या तशाच पडल्यात! म्याबी ऊद घातल्ता!”

“अगं, तू तर म्हणालीस माहेरची माणसं आलीत!” सुरेखा ओरडली.

“अन् तुझी किल्ली कुठं हाय गं? दूधवाल्याकडं?”

मग जे काही झाले त्याला गोंगाट हाच शब्द. पाचही घरांतल्या बाया एकदम बोलू लागल्या, रेशीम नसलेल्याही आपापल्या म्हशी आणि मिरच्यांचे प्रश्न घेऊन पुढे सरकल्या. अंबरीन माईक घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती. प्रितमने बॅटरी बदलली. एकीने तर सासू घोरते त्यावर इलाज विचारला. “हे माझ्या विषयात बसत नाही,” असे धर्मराज सरांना तीन-तीनदा सांगावे लागले.

शेवटी सगळे लटांबर शेडकडे निघाले. पैठण्या खोचून बायांनी पडदे वर केले. हवा खेळू द्या, खालचा कचरा काढा, मेलेल्या वेचा, कोवळा ताजा पाला थोडा थोडा द्या, असे सरांनी कॅमेऱ्यासमोर एकेक करून दाखवले. किती वाचतील ते त्यांनी सांगितले नाही. ज्या पाल्याला तोंड लावतील त्या कोष करतील, एवढेच म्हणाले. संध्याकाळ व्हायच्या आत आकांक्षाने मला हाताला धरून एका मांडणीपाशी नेले. पानाच्या कडेला अर्धचंद्रासारखा नवा घास पडला होता.

“खाऊन राह्यलीय, आई.”

“तुला धूर नको वाटत होता ना,” मी म्हणाले. “पुढच्या वेळी कारण माहीत नसले तरी मोठ्याने सांग.”

गाडीत सामान चढत होते. अंबरीनचा फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी ती बाहेर न जाता आमच्यासमोरच बोलली. फोन ठेवून तिने आधी दादीला मिठी मारली, मग मला. माझी नथ तिच्या ओढणीत अडकली आणि दोघींना काही वेळ तशाच उभे राहावे लागले. पुढचे भाग तिचे होते. पुढच्या आठवड्यात पिंपळगाव रेणुकाई.

“तिथं कुणी न्हाई बोललं तर, आजी?”

“तर मला बोलाव. मी येऊन आधी विचारीन.”

गाडी गेली. कमरुन्निसा खुर्चीवरून उठली, काठी टेकत माझ्यापाशी आली आणि पानदान उघडून तिने मला विडा करून दिला. तिने यापूर्वी मला कित्येक विडे दिले आहेत. असा, दोन्ही हातांनी, कधी दिला नव्हता.

“सवाल माझ्या पोरीच्या कामी आला,” ती म्हणाली. “अन् मी नर्सबाईची बोलणी खाल्ल्ती, तुम्ही साहेबाची खाल्ली. तीबी बराबर.”

“मग?” मी विचारले. “राहिले काही?”

तिने थोडा विचार केला. उगाच. मला ताटकळत ठेवण्यासाठी.

“न्हाई, पाटलीणबाई,” ती म्हणाली. “पुरं फिटलं.”